ब्रोमो ज्वालामुखीचा सूर्योदय: आईला घेऊन जमेल का? मदत हवी आहे

मंडळी, जुलैमध्ये बालीला चाललोय, मी, नवरा आणि माझी आई. आईचं वय 64, रोज फिरायला जाते पण गुडघे दुखतात, उतरताना जास्तच. बाली वगैरे ठीक आहे, पण तिच्या मनात एकच आहे, जावातल्या ब्रोमो ज्वालामुखीच्या तोंडाशी जो गणपती आहे त्याचं दर्शन. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तेव्हापासून तिचं हेच चाललंय, आणि मलाही मनापासून वाटतं की तिला ते घडावं.

एजंट म्हणतो विमानाने जावातल्या सुराबाया शहरात उतरा, रात्री 12 ला गाडी येईल, सूर्योदय बघून दुपारपर्यंत परत. नवऱ्याला लगेच दुसऱ्या रात्री इजेन ज्वालामुखीतला, गंधक जळून दिसणारा निळा जाळ पण बघायचाय. सलग दोन रात्री जागरण आणि थंडीत चढण, आईला झेपेल का? ब्रोमोला प्रत्यक्ष चढायचं किती असतं? आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, तर खायचं काय करायचं? आणि मला थोडा दम्याचा त्रास आहे, तिथे गंधकाचा वास असतो म्हणतात. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, ब्रोमो नक्की करा, पण ती रात्री 12 ची गाडी नको. सुराबायाहून तीन-चार तास घाटातून डुलक्या घेत जायचं आणि उतरल्या उतरल्या कडाक्याची थंडी, साठीच्या पुढच्या माणसाला हे कशाला? त्यापेक्षा सकाळी सुराबायाहून ट्रेनने प्रोबोलिंगो गाठा, साधारण दोन तास लागतात, तिथून गाडी करून चेमोरो लावांग नावाच्या गावात मुक्काम करा. ब्रोमो ज्याच्या आत उभा आहे त्या प्रचंड जुन्या विवराच्या काठावरच हे गाव आहे. संध्याकाळी लवकर जेवून झोपा, पहाटे 3 ला जीप दारात येते. आईंना निदान पाच-सहा तास झोप मिळेल, सगळा फरक त्यानेच पडतो.

सूर्योदय ब्रोमोवरून नाही, समोरच्या डोंगरावरून बघतात. सगळे पेनांजाकानला जातात, उंची 2770 मीटर, जीप जवळपास वरपर्यंत जाते पण गर्दीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते आणि मग अंधारात चढावर बरंच चालावं लागतं. शनिवार-रविवार टाळाच. उजाडतं साडेपाचच्या सुमारास. समोर झालरीसारख्या चुण्या पडलेला दिसतो तो बातोक, ब्रोमो म्हणजे त्याच्या डावीकडचा धूर सोडणारा, आणि मागे लांब उंच सेमेरू, 3676 मीटर. बरेच जण बातोकलाच ब्रोमो समजून फोटो काढून येतात.

मग जीप खाली वाळूच्या मैदानात नेते. तिथून पायथ्यापर्यंत राखेतून चालायचं किंवा घोडा करायचा, आईंना सरळ घोडाच करा, भाव आधी ठरवा. शेवटी सुमारे 250 पायऱ्या उरतात, त्या मात्र स्वतःच चढायच्या. गणपती वर काठाशीच आहे. पायऱ्यांवर वाळू साचलेली असते, उतरताना पाय सरकतो, म्हणून काठी हवी आणि पुढे एकजण चालायला हवा. वर जागा अरुंद आहे, कठडा सगळीकडे नाही, गर्दी असेल तर दर्शन घेऊन लगेच खाली या. आणि नाहीच जमलं तर पायथ्याशी तेंग्गेर लोकांचं पोतेन मंदिर आहे, ही माणसं पिढ्यानपिढ्या हिंदू आहेत, कसाडाच्या सणाला विवरात भाजीपाला, कोंबड्या, पैसे अर्पण करतात. त्या सणाला पर्यटकांना बंद असू शकतं, तारखा बघूनच बुकिंग करा.

थंडी महाबळेश्वरसारखी समजू नका. जुलै-ऑगस्टला पहाटे पाच अंशांच्याही खाली जातं, कधी कधी गवतावर दवाचा बर्फ होतो. कानटोपी, हातमोजे, जाड मोजे घ्याच, जॅकेट तिथे भाड्याने मिळतं. धुळीसाठी चांगला मास्क आणि तुमचा दम्याचा पंप पँटच्या खिशात, बॅगेत नको.

इजेनला आईंना नेऊ नका आणि तुम्हीही जाऊ नका. जवळपास 3 किलोमीटर चढण, मग निळा जाळ बघायला अंधारात खडकांतून विवरात उतरायचं, गंधकाचा धूर अंगावर येतो, गॅसमास्क लावूनही डोळे झोंबतात. दमा असताना ही रिस्क घेण्यासारखी नाही. जोडीदारांना जायचं असेल तर एकट्यांनी जावं, तुम्ही दोघी इजेनजवळच्या बान्युवांगी गावात आराम करा.

मूळ प्रश्नकर्ती:

खूप खूप आभार, नवऱ्याला वाचायला दिलं, तो एकटा इजेनला जायला तयार आहे. खाण्याचं राहिलं ना? आणि ज्वालामुखी जागा झाला तर कसं कळतं?

प्रतिसाद:

हो राहिलंच. दशम्या, ठेपले, चटणी इथूनच न्या. तिथे नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात मिळतो पण त्यात बहुतेकदा तेरासी म्हणजे कोळंबीचं वाटण असतं, "तानपा तेरासी, तानपा तेलुर" म्हणजे ती आणि अंडं नको असं सांगा. पहाटे वर केळ्याची भजी आणि कॉफी मिळते.

ज्वालामुखीच्या सरकारी इशाऱ्याच्या चार पातळ्या असतात, मुक्कामाला पोचल्यावर विचारा, विवरापासून किती लांब राहायचं तेही त्यात सांगतात. 2004 मध्ये अचानक उद्रेक होऊन दोन माणसं गेली होती, त्यामुळे वर जाऊ नका म्हटलं तर अजिबात जाऊ नका, हात खालूनच जोडायचे. हे आईंना निघायच्या आधीच सांगून ठेवा. आणि हो, जावाचं घड्याळ बालीपेक्षा एक तास मागे आहे, जीप आणि ट्रेनच्या वेळा त्याप्रमाणे बघा.