मदत हवी आहे: ग्रीन बे पॅकर्सचा शेअर, मालकी नेमकी कशाची?

जावयाच्या घरी, मिलवॉकीला, टीव्हीच्या वर फ्रेम करून लावलेलं एक शेअर सर्टिफिकेट आहे. ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं. व्याह्यांनी १९९८ मध्ये २०० डॉलरला घेतलं, आता मुलाच्या नावावर करून दिलं.

मी जुना शेअरवाला. डीमॅटच्या वेळी सह्या जुळेनात म्हणून रडकुंडीला आलेल्यांपैकी. जेवताना सहज विचारलं, आज भाव काय? भाव नाही. लाभांश? नाही. विकायचा झाला तर? बाहेर विकता येत नाही, घरातल्यांना देता येतो. सीझनच्या तिकिटांसाठी वशिला? तोही नाही. पुढचा प्रश्न तोंडात होता, तेवढ्यात मुलीने टेबलाखालून पाय दाबला. तरीही व्याही छाती फुगवून म्हणतात, "आम्ही मालक!"

एवढं वाचून काढलंय: संघ १९१९ चा, कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी काढलेला. गणवेशाला ५०० डॉलर दिले इंडियन पॅकिंग कंपनीने (नाव बघून मी उगाच कान टवकारले, मांस डबाबंद करणारी कंपनी निघाली). १९२२ मध्ये पावसाने सामन्याचा गल्ला बुडाला. पावसाचा विमा होता, पण पाऊस इंचाच्या शंभराव्या भागाने कमी पडला म्हणून कंपनीने हात वर केले! मग १९२३ मध्ये गावात ५ डॉलरचे १००० शेअर विकून संघ तगवला.

अडतंय ते इथे. बाकीचे संघ अब्जाधीशांच्या खिशात, आणि लाखभर वस्तीच्या गावातला हाच कसा सुटला? आणि ५ लाखांवर मालक असताना निर्णय घेतं कोण? जुलैत वार्षिक सभा आहे, त्याआधी व्याह्यांसमोर दोन शब्द शहाणपणाचे बोलायचे आहेत.

प्रतिसाद १
काका, हे सगळे संघ ज्या लीगमध्ये खेळतात, त्या एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नियमात आज असा संघ बसतच नाही. प्रत्येक संघाला एक मुख्य मालक लागतो. पॅकर्सची रचना त्या नियमाआधीची, म्हणून सूट. भागधारक संचालक निवडतात, त्यातून सात जणांची कार्यकारी समिती, आणि पगार फक्त अध्यक्षाला. २०२५ च्या जुलैपर्यंत मार्क मर्फी होते, आता एड पॉलिसी.

खरी मेख वेगळीच आहे. संघ विकला तर पैसा भागधारकांना मिळतच नाही. आधी तो युद्धस्मारकासाठी माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेला जायचा होता, १९९७ पासून पॅकर्सच्या धर्मादाय फाउंडेशनला. विकून कुणाचंच भलं होत नाही, म्हणून संघ गावातून हलत नाही. टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात, त्यावर छोटं गाव टिकतं. सभेत ताळेबंद नीट ऐका, लीगमध्ये एवढाच संघ दरवर्षी आकडे जाहीर करतो.

प्रतिसाद २
म्हणजे आपल्या साखर कारखान्याचे सभासदच की! फक्त तिथे दिवाळीला साखर तरी मिळते. 😄

एक गंमत राहिली. १९९७ च्या विक्रीवेळी जुन्या भागधारकांच्या एकेका शेअरचे हजार केले. आज ५० लाखांवर शेअर आहेत, पण १९९७ पासूनच्या तिन्ही विक्रींतले मिळून सहा लाखही नाहीत. मतं अजून जुन्या घराण्यांकडेच. व्याह्यांना विचारा, आजोबा-पणजोबांचा एखादा कागद आहे का.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार. आत्ताच फोन झाला. १९५० चा एक शेअर आहे म्हणे, त्यांच्या आत्याबाईंकडे. म्हणजे हजार मतं! फक्त आत्याबाई लग्न करून शिकागोला गेल्या, आणि गेली साठ वर्षं पॅकर्सच्या कट्टर प्रतिस्पर्धी शिकागो बेअर्सच्या बाजूने ओरडतात.