पुरानंतर ५,००० रुपये हातात द्यायचे की महिनाभर काम?

कोठीकर (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण २६ ची. पुढच्या महिन्यात राज्य सरकारनं बडोद्याच्या व्यापाऱ्यांसाठी पॅकेज काढलं. लारी-रेकडीला (हातगाडीला) ५,०००, चाळीस चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला २०,०००, त्याहून मोठ्या केबिनला ४०,०००, पक्क्या लहान-मध्यम दुकानाला ८५,०००. मोठ्या दुकानांना रोख नाही, २० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन वर्षं ७ टक्के व्याजसवलत, कमाल ५ लाख.

यात दुकानात कामाला असलेला माणूस कुठे दिसतो का बघा. भाड्याची लारी ढकलणारा? चार घरची धुणीभांडी करणारी? पैसा जागेच्या मापानं वाटला, बुडालेल्या रोजाच्या मापानं नाही.

म्हणून पुढच्या वेळी रोख कमी करावी आणि पहिले ३० दिवस मजुरीचं काम काढावं. ५०० रुपये रोज धरला तर ५,००० म्हणजे दहा दिवस. कामाला तोटा नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन इंच गाळ म्हणजे ३० घनफूट, ओला असताना सव्वा टनाच्या वर. घमेल्यात पंधरा किलो धरा, नव्वदएक घमेली होतात, आणि ही फक्त एक खोली. येईल त्याला काम; मालकीचा कागद मागायचा नाही. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी अशीच उभी राहिली.

सुईदोरा

कोठीकर, दुष्काळाचं औषध पुराला देताय.

दुष्काळात शेतात कामच नसतं. हात रिकामे असतात, म्हणून माणूस खडी फोडायला येतो. शहरातल्या पुरात काम असतं, साधन गेलेलं असतं. ऑगस्टअखेर पाणी आलं आणि ३ ऑक्टोबरला नवरात्र बसलं. चणियाचोळी शिवणाऱ्या बाईसाठी वर्षाचे महत्त्वाचे पाच आठवडे ते हेच. गिऱ्हाईक दारात, मशीन गंजलेली, आणि तुम्ही तिच्या हातात फावडं देणार?

शिलाई मशीन पुरात मरत नाही, नंतरच्या तीन-चार दिवसांत मरते. पाणी उतरल्यावर चाक फिरवून बघायचा मोह आवरायचा, कारण आतला गाळ पॉलिश पेपरसारखा घासतो. आधी स्वच्छ पाण्यानं चिखल धुवायचा (हो, पाण्यानंच), मग सुईची पट्टी, दाते, बॉबिन केस, शटल काढून घासलेटात ब्रशनं साफ करायचं, कोरडं पुसायचं, प्रत्येक भोकात तेल. त्यानंतर हातानं सावकाश चाक. पहिला अर्धा तास चिंधीवर चालवायचं, नाहीतर काळं तेल गिऱ्हाइकाच्या कापडावर उतरतं. पायाची मशीन याच्यावर चालू होते. भुशाच्या फळीचं टेबल मात्र फुगतं, ते टाकूनच द्यावं लागतं.

सवयीचा कारागीर आणि हाताखाली दोघी असल्या तर दिवसाला सहा-सात मशिनी सहज होतात. घासलेट, तेल, ब्रश, दोन-चार स्क्रू, सुया, एवढाच माल. हे चौथ्या दिवशी वस्तीत पोचलं तर रोजी वाचते. पंचनाम्यानंतर पोचलं तर भंगारवाला आधीच येऊन गेलेला असतो.

पाना १०-११

सुईदोरा ताईंनी मोटरचं राहू दिलं, ते मी लिहितो. मोटर बुडाली असेल तर स्विच दाबायचाच नाही. उघडायची, गोड्या पाण्यानं धुवायची, बल्बच्या उबेत दिवसभर तरी सुकवायची, मग ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन मोजायचं. एक मेगाओमच्या खाली काटा असेल तर परत सुकवा. बेअरिंग बदलाच, पाण्यानं ग्रीस गेलेलं असतं. पिठाच्या घंटीची (चक्कीची) मोटर याच रीतीनं वाचते. नव्या पद्धतीच्या सर्वो मशिनीचा कंट्रोलर (मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मात्र बहुधा गेलेला असतो.

रिक्षाचं सांगतो. बुडालेली रिक्षा सेल्फ मारून बघणं हा सर्वांत महागडा उतावीळपणा. सिलेंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढा, एअर फिल्टर फेका. ऑइल दुधाळ झालं असेल तर बदला, थोडं चालवून परत बदला. एकदाच बदलून भागवणाऱ्याची रिक्षा दिवाळीत परत उभी राहते. शिवाय सेल्फ मारल्यानं इंजिन गेलं तर विमा कंपनी ते पुराचं नुकसान धरत नाही, वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर खर्च खिशातून.

या सगळ्यात मजुरी आहेच की, कोठीकर! गाळ काढण्यापेक्षा जास्त आहे.

कोठीकर

पाना, ज्याची मशीन होती त्याचंच तुम्ही बोलताय. कडियानाक्यावर (मजूर अड्ड्यावर) उभ्या राहणाऱ्याचं काय दुरुस्त करणार? पुरानंतर बांधकामं थांबतात, त्याचा रोज थेट शून्य. कॅशडोल, म्हणजे सरकारची रोजची रोख मदत म्हणाल तर मोठ्या माणसाला दिवसाला १०० आणि लहानाला ६०, तेही मोजके दिवस.

आणि २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचं पात्र रुंद-खोल केलं ते कुणी? पोकलेन आणि डंपरनी. तिथे हजारो हातांना काम देता आलं असतं.

हिशेबनीस

नदीच्या पात्रात माणसं उतरवायची? मगरी आहेत काका, गावाला माहीत आहे. पोकलेन दिवसाला शेकडो घनमीटर काढतो, माणूस दोन-तीन. पावसाळ्याआधी संपवायचं काम फावड्यानं होत नाही. मजुरीची कामं निवडा ती गल्लीतली, जिथे पोकलेन शिरत नाही: घरातला गाळ, गटारांची तोंडं, शाळा, अंगणवाड्या. तिथेही गमबूट आणि हातमोजे हजेरीसोबतच द्या. पुराच्या गाळात उंदरांचं मूत असतं, पायावर ओरखडा असला की लेप्टोचा ताप. दहा दिवसांची मजुरी मिळवून पंधरा दिवस दवाखान्यात, असा हिशेब नको.

दुसरं. शहरात काम मागायचा हक्कच नव्हता. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात आपत्तीत ५० दिवस जादा देण्याची सोय होती, पण तो खेड्यापुरता. केरळनं २०१० मध्ये आणि राजस्थाननं २०२२ मध्ये शहरांसाठी वेगळी योजना काढली, आपल्याकडे तसं काही नाही. पूर आल्यावर योजना लिहायला बसलात तर पहिला मस्टर (हजेरीपट) निघेपर्यंत थंडी पडेल.

दुकानदारांसाठीही एक. विम्यात ज्यांना कमी मिळतं त्यांतल्या बऱ्याच जणांनी विमाच कमी उतरवलेला असतो. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा, नुकसान ६ लाखांचं, तर हातात ३ लाख. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, त्यात १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ. पण निम्म्यानं उतरवलात तर माफी नाही. आणि भिजलेला माल सर्वेअर येण्याआधी उकिरड्यावर टाकू नका. फोटो काढा, नग मोजून लिहा, नमुना बाजूला ठेवा.

रावपुरा टॉवर

एवढी डोकेफोड कशाला, नव्या मशिनी वाटा ना. देणगीदार मिळतात, फोटो निघतात, प्रश्न मिटतो.

सुईदोरा

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच झालं. होड्या वाटायला सगळे धावले आणि कित्येक गावांत आधीपेक्षा जास्त होड्या झाल्या. मासे तेवढेच. इथे नवी मशीन घरी मिळाली म्हणजे नवरात्राच्या ऑर्डरी वाढत नाहीत. शिवाय जिला जड कापडाची मशीन लागते तिला घरगुती हलकी मिळते, ती महिन्यात ओएलएक्सवर.

कोठीकरांचा भाड्याच्या लारीचा मुद्दा मात्र मान्य. ५,००० कुणाला, लारीच्या मालकाला की ढकलणाऱ्याला? पंचनाम्यात लारी मोजली जाते, माणूस मोजला जात नाही. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानं विक्री प्रमाणपत्र माणसाच्या नावावर असतं. पैसे त्या प्रमाणपत्रावर द्या, भांडण उरत नाही.

कोठीकर

ठीक. रोख कमी करा हे मागे घेतो, पण पहिल्या महिन्याची मजुरी सोडत नाही. त्यात दुरुस्तीची टेबलं धरा: एका टेबलावर एक कारागीर, दोघी मदतनीस, दोघींनाही हजेरी. गाळाची गँग वेगळी. मोबदला घनफुटावर नको, रोजावर. मापावर दिलं की म्हातारी माणसं आणि बायका आधी गळतात.

हिशेबनीस

आणि पैसे रोजच्या रोज, रोख. पासबुक, आधार आणि मोबाईल तिन्ही पाण्यात गेलेल्या माणसाला खात्यात जमा होण्याची वाट बघायला लावलीत तर तो तिसऱ्या दिवशी येणार नाही. कारागिरांची यादी मे महिन्यात करून ठेवा, घासलेट-तेलाच्या डब्यांसकट. मेगर एकाकडे तरी हवा.

पाना १०-११

मेगर दोन ठेवा. एक हमखास कुणीतरी मागून नेतो.