फलकावरच्या नावांपलीकडचं

पुण्यातल्या ज्ञानप्रबोधिनी प्रशालेबद्दल म्हटलं जातं की तिचं यश बोर्डाच्या निकालात आणि शिष्यवृत्त्यांच्या यादीत दिसतं. अर्धंच पटलं. १९६९ पासून ही शाळा बुद्धिमापन चाचणी घेऊन मुलं निवडते. मग गुण चांगले पडले यात फार नवल ते काय!

मला त्यापेक्षा आठवीतला विद्याव्रत संस्कार मोठा वाटतो. जुन्या उपनयनाला दिलेलं हे नवं रूप. मुली-मुलगे एकत्र, जातीची अट नाही. आणि विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशाच्या ठेक्यावर बरची (नाचातली काठी) फिरवणारी याच शाळेची पोरं, त्यांच्यासोबत घामाघूम झालेले माजी विद्यार्थी. हे कुठल्या फलकावर लिहिणार? (आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला माजी विद्यार्थी फक्त जेवायला यायचे, तो भाग वेगळा.)