इंग्लंडमध्ये गावाकडचं कुऱ्हाडफेकीचं सत्र: जाण्याआधी काय माहीत असावं?

मीनल_लीड्स
जूनमध्ये आम्ही सहा जण यॉर्कशायर डेल्सला जातोय. तिथल्या एका शेतावर प्रशिक्षकाबरोबर तासाभराचं कुऱ्हाडफेकीचं सत्र आहे. कुणीच आधी हे केलेलं नाही. सोबत १४ वर्षांचा मुलगा आहे, आणि सासूबाई ६२ वर्षांच्या, त्यांचा उजवा खांदा आखडलेला. ताकद किती लागते? व्हिडिओत कुऱ्हाड फळीवर आपटून परत येताना दिसते, ती का येते? कपडे, वय, पाऊस याबद्दलही सांगा.

एकफेरा
ताकदीचा प्रश्नच नाही, ताई. हा सगळा खेळ अंतराचा आहे. हातातून सुटलेली कुऱ्हाड हवेत एक पूर्ण फेरा घेते आणि पातं समोर असतानाच फळीला भिडायला हवी. स्पर्धेत छोट्या कुऱ्हाडीसाठी फेकायची रेषा निशाणापासून साधारण १२ फुटांवर, म्हणजे ३.६६ मीटरवर असते. उंची आणि हाताची लांबी बघून प्रत्येकाची जागा वीतभर पुढेमागे होते. जोर लावला की मनगट आपोआप वळतं आणि फेरा वाढतो, म्हणून दणकट माणसांचीच सुरुवात जास्त बिघडते.

दोन्ही हातांनी दांड्याचं टोक धरा. पातं अगदी सरळ, निशाणाकडे. डोक्यावरून मागे न्या, कोपरं कानांजवळ. पुढे आणताना हात ताणलेले ठेवा आणि ते डोळ्यांच्या उंचीला समोर आले की बोटं फक्त उघडा. झटका द्यायचा नाही. लवकर सोडली तर कुऱ्हाड वर जाते, उशीर झाला तर जमिनीत.

आता परत का येते ते. दांड्याचं बूड आधी आपटलं तर फेरा अपुरा राहिला, थोडं मागे सरका. उलटी उसळून येते ती बहुधा अशीच. पात्याच्या वरचा माथा आपटला तर फेरा जास्त झाला, पुढे या. पातं आडवं लागत असेल तर पकडीत एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त आवळला जातोय, तिथे अंतर बदलून काही होत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. पकड आणि जागा दोन्ही बदललं तर काय सुधारलं ते प्रशिक्षकालाही सांगता येत नाही.

ओंडका_आणि_कानस
वरचं पटलं, पण निम्मा दोष निशाणाचा असतो, हे कुणी बोलत नाही. फळ्यांचं निशाण असेल तर लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात, म्हणजे पातं तंतूंच्या मधून शिरतं. ओंडक्याची चकती असेल तर कापलेली बाजू समोर. पॉप्लरसारखं मऊ लाकूड चांगलं. वाळून खडखडीत झालं की कुऱ्हाड उडते, म्हणून चांगले लोक निशाणावर पाणी शिंपडतात. मध्यभाग चघळल्यासारखा झाला असेल तर बरोबर लागलेली कुऱ्हाडही गळून पडते. अशा वेळी फळी बदलायला सांगायला लाजू नका. उभ्या झाडावर फेकायला लावणारा कुणी असेल तर तिथून निघाच.

कुऱ्हाड साधारण किलोभर, डोकं ६००-८०० ग्रॅमचं, दांडा हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा. धार बोथट झाली की तीही परत येते. पात्याच्या कडेला वळलेलं लोखंड कानशीने काढलेलं असावं.

शिस्त: एका रांगेतले सगळे एकदम फेकतात आणि एकदमच काढायला जातात, तोवर कुणीही रेषा ओलांडायची नाही. कुऱ्हाड हातोहात द्यायची नाही. खुंटावर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. काढताना दांड्याचं टोक वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे पिरगाळली तर दांडा चिरतो. चालताना कुऱ्हाड तिच्या लोखंडी डोक्याजवळ धरायची, पातं खाली.

एकफेरा
खांद्याचं राहिलं. आखडलेला खांदा डोक्यावर जात नसेल तर सासूबाईंनी दोन हातांनी फेकूच नये. चांगल्या हाताने एकट्याने फेकता येतं, पण प्रशिक्षकाला आधीच सांगा. कुऱ्हाड जरा हलकी लागेल आणि पहिल्या खेपांना पातं सरळ ठेवणं अवघड जाईल. दुखायला लागलं की थांबायचं, कारण हालचाल तीच तीच आहे.

मुलासाठी वयाची अट जागोजागी वेगळी असते, फोन करून विचारा. बंद बूट सगळ्यांना, सँडल नाही. ओढणी, मफलर, सैल बाह्या नकोत. पावसात निशाण उलट छान राहतं, पण दांडा ओला झाला की बोटांतून निसटतो. फडकं ठेवा आणि प्रत्येक फेकीआधी पुसा. शेतावर उभं राहायची जागा चिखलाची असेल तर पुढचा पाय घसरतो आणि अंतराचं गणित कोलमडतं. रेषेवर लाकडी भुसा किंवा चटई आहे का, ते विचारून घ्या.

मीनल_लीड्स
खूप छान. शेवटचे दोन प्रश्न. काही जागी दुधारी मोठी कुऱ्हाड फेकायला देतात, तीही घ्यावी का? आणि मुलाला आवडलं तर स्वतःची कुऱ्हाड घेऊन बागेत सराव करता येईल?

ओंडका_आणि_कानस
दुधारी तासाच्या शेवटी, एखादी चव म्हणून. ती लाकूडतोड्यांच्या स्पर्धांची आहे, २० फुटांवरून फेकतात आणि दांडा दोन फुटांहून कमी नसतो. दोन्हीकडे धार असल्यामुळे मागे नेताना पाठीकडेही धारच येते. चौदा वर्षांच्या मुलाला मी देणार नाही.

बागेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालच्याला कुऱ्हाड विकत नाहीत, आणि योग्य कारणाशिवाय ती सार्वजनिक ठिकाणी बाळगणं गुन्हा आहे. स्वतःच्या बागेत मोठ्यांच्या नजरेखाली फेकायचं म्हटलं, तरी चुकलेली कुऱ्हाड कुंपणापलीकडे जाऊ शकते. त्यापेक्षा घराजवळ क्लब असेल तर तिथे पाठवा. घ्यायचीच झाली तर फेकीसाठी बनवलेली घ्या. सरपण फोडायच्या कुऱ्हाडीचं पातं जाड पाचरीसारखं असतं, ते लाकडात नीट रुतत नाही.