मदत हवी आहे: पोराला कराटेला घालू की तालमीत? (सातारा)

नमस्कार मंडळी, आम्ही गोडोलीत राहतो, मुलगा सातवीत आहे. गेले दोन महिने क्लास सुटल्यावर नववीतली तिघं पोरं त्याला अडवतात, चिडवतात, सायकलची हवा सोडतात. परवा शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली, विचारलं तर म्हणे खेळताना तुटली, आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडत होता.

सासरे म्हणतात तालमीत घाला, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ आणलं, आपल्या मातीतच ते आहे वगैरे (त्यांचं प्रत्येक गोष्टीला उत्तर कुस्तीच!). मी एक कराटे क्लास बघून आले, पोरं ओळीत उभी राहून हवेत ठोसे मारत होती, समोर कोणी नाहीच. कुस्ती-ज्युदोत निदान अंगावर येणारा माणूस असतो आणि पडायचं कसं हे शिकवतात, पण तिघं मिळून घेरतात तेव्हा त्याचा कितपत उपयोग? आणि यानेच उलटा हात उचलला तर बोलणी यालाच बसणार.

क्लासच्या सरांना सांगितलं, ते हसून म्हणाले पोरं आहेत, चालायचंच. 1098 वर (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करायचा विचार आहे, कोणी केलाय का? ज्यांच्या मुलांना असा त्रास झालाय त्यांनी प्लीज सांगा, आधी काय केलंत?