बालवाडीच्या भिंतींना पैसा मिळतो, ताईंच्या मानधनाला नाही. मग संस्थांनी सीएसआरमागे धावावं का?

खडूपाटी
पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात आमची छोटी संस्था वस्त्यांमध्ये बालवाड्या चालवते. भाड्याच्या खोल्या, तीन ते सहा वयाची मुलं, आणि त्याच वस्तीतल्या थोड्याफार शिकलेल्या बायका ताई म्हणून. मत मांडतोय, झोडपायला मोकळे आहात: लहान संस्थांनी कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे त्यांना नफ्यातून समाजकार्यावर करावा लागणाऱ्या खर्चाचा, नाद सोडावा आणि रोजचा खर्च लहान देणगीदारांकडूनच उभा करावा.

मार्चमध्ये एका कंपनीतून फोन आला. निधी शिल्लक आहे, 31 तारखेच्या आत खर्च दाखवायचाय, प्रपोजल पाठवा. आम्ही ताईंचं वर्षाचं मानधन आणि खोलीभाडं लिहून पाठवलं. पगार पॉलिसीत बसत नाही म्हणाले. भिंती रंगवून देतो, टीव्ही देतो, दप्तरं देतो. भिंतीवर सिंह आला, जिराफ आला, जिराफाच्या मानेला खेटून कंपनीचा लोगो आला. फीत कापली, फोटो झाले. खोली झकास दिसायला लागली तशी घरमालकानं भाडं वाढवलं! टीव्ही खोक्यातच आहे, कारण खोलीत प्लग एक आणि त्यावर पंखा. ताई मात्र दुपारी ब्लाउज शिवतात तेव्हा कुठे त्यांचं घर चालतं.

ताळेबंद
संस्थांचे हिशेब बघणं हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबेल. 'पगार बसत नाही' हे कायद्यात कुठेही नाही. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला. प्रकल्प राबवायला लागणारा खर्च त्यात धरतच नाहीत. बालवाडीत ताई म्हणजेच प्रकल्प. तरी निम्म्या संस्था बजेटमध्ये मानधन 'अॅडमिन' खाली टाकतात आणि समोरचा माणूस डोळे मिटून काट मारतो. 'बालशिक्षण' हा मथळा करा, त्याखाली पहिली ओळ ताईंची, मग साहित्य, मग खाऊ.

दुसरं, मार्चमध्ये आलेला पैसा हा उरलेला पैसा असतो, त्यातून रंगच मिळणार. कंपन्यांची वर्षाची आखणी सुरुवातीच्या महिन्यांत होते, तेव्हा दार वाजवा. आणि 31 मार्चची घाई प्रत्येक वेळी खरी नसते. 2021 पासून, एकाहून जास्त वर्षं चालणारा प्रकल्प म्हणून मंजूर असेल तर शिल्लक रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. म्हणजे मागायचंच तर तीन वर्षांचं मागा.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. निव्वळ नफा 5 कोटींच्या वर गेला की कंपनी सीएसआरच्या कक्षेत येते. एमआयडीसीतले कितीतरी मधले कारखाने त्यात बसतात. ज्यांचा सीएसआरचा आकडा वर्षाला 50 लाखांपर्यंतच आहे, त्यांना वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. तिथं बहुतेकदा मालक स्वतः ठरवतात. त्यांना मराठीत लिहिलेलं दोन पानी पत्र चालतं, पीपीटी लागत नाही. मोठ्या नावांच्या रांगेत कशाला उभं राहता?

वडाखाली
ताळेबंदसाहेब, तुमचं सगळं कागदावर बरोबर. पण कागदच किती! धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, मग आयकर सवलतीसाठी 12ए, 80जी, सरकारच्या दर्पण पोर्टलवर नोंद, आणि वर सीएसआरचा पैसा घेण्यासाठी सीएसआर-1 ची नोंदणी. त्यासाठीसुद्धा अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा. आमच्याकडे तालुक्याला एक महिला मंडळ आहे, एकच बालवाडी, पण चोख चालवतात. अध्यक्षबाईंना मोबाइलवर ओटीपी आला तरी भाच्याला हाक मारावी लागते. त्यांनी कुठं जायचं? शेवटी पैसा इंग्रजीत प्रपोजल लिहिणाऱ्या शहरी संस्थांकडेच जातो.

खडूपाटींच्या बाजूनं माझं मत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंड काढला, बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या. ज्याची मूठ त्यात पडली तो शाळा बंद पडू देत नाही.

कोकणकडा
मुष्टिफंडाचा दाखला आला की मला जरा राग येतो, माफ करा. ज्या बाईला चार घरची धुणीभांडी करून मुलाला बालवाडीत सोडायचंय, तिनंच मूठही काढायची? आणि नफ्यातल्या कारखान्यानं जिराफ रंगवून मोकळं व्हायचं? नफ्याच्या 2 टक्के सीएसआर खर्च ही मेहेरबानी नाही, 2013 च्या कायद्यानं घातलेलं बंधन आहे.

आणि मोठ्या पैशाला अटी असतात हे काही आज कळलेलं नाही. महर्षी कर्वे दारोदार फिरून लहानलहान देणग्या गोळा करायचे, हे आपण कौतुकानं सांगतो. त्याच कर्व्यांनी 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींचे 15 लाख घेतले आणि महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं नाव दिलं. एसएनडीटी हे त्या माउलीचं नाव. कर्वे बाटले का? त्यांनी पैसा मुलींच्या शिक्षणाला लावला. जिराफाशेजारी लोगो येऊ द्या हो, फक्त बदल्यात ताईंचा पगार वसूल करा.

खडूपाटी
कोकणकडा, ठाकरसींनी विद्यापीठ चालावं म्हणून पैसा दिला. आमच्याकडे चालवायला कोणी देत नाही, दाखवायला देतात. माझा मुद्दा तेवढाच. वस्तीवर बोजा टाका असं मी म्हटलेलंच नाही. लहान देणगीदार म्हणजे शहरातले, महिन्याला पाचशे-हजार देऊ शकणारे.

बिनधास्त_बोल
एक भाबडा प्रश्न. वस्तीत अंगणवाडी असते ना? 1975 पासून सरकार हेच करतंय. तुमच्या वेगळ्या बालवाडीला कोणी का पैसे द्यावेत?

खडूपाटी
सगळ्या वस्त्यांत नाही. आणि आहे तिथं ती काही तासांत सुटते. आई कारखान्यातून संध्याकाळी येते, तोवर मूल कुठं ठेवायचं?

वडाखाली
प्रश्न भाबडा असला तरी चुकीचा नाही, प्रत्येक देणगीदार हाच विचारतो. जिथं अंगणवाडीच नाही तिथं आधी ती मागा. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2006 चा आदेश आहे: सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असलेल्या खेड्यानं वा झोपडवस्तीनं मागणी केली, तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. मुलांची नावं, वयं, पालकांच्या सह्या असा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पोच न घेता निघू नका, ही कळकळीची विनंती. तीन महिने कागदावरच राहतात हे खरं, पण पाठपुरावा करायला हातात काहीतरी असतं.

तसंही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला पाड्यातल्या मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली, तिथूनच अंगणवाडीची कल्पना रुजली. काम आधी संस्थेनं करून दाखवलं आणि नंतर सरकारनं उचललं. संस्थेनं जन्मभर अनुदान शोधत बसणं हे काही ध्येय नव्हे.

वाळू_सिमेंट
बांधकामाच्या साइटवर सेफ्टीचं काम बघतो. कोणी बिल्डरचं नाव काढत नाहीये म्हणून लिहितो. 50 हून जास्त बायका कामावर असतील तिथं लहान मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई हवी, हे बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यानंच घातलेलं होतं; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. बरेच जण पत्र्याची शेड दाखवून मोकळे होतात, आत सिमेंटच्या गोण्या. संस्थेनं जाऊन सांगावं, आम्ही चालवतो, महिन्याचा खर्च तुम्ही द्या. हे अनुदान नाही, सेवेचा मोबदला आहे. साइटवर पाळणाघर चालू असेल तर बायकांची दांडी कमी होते, हे मुकादमही कबूल करतो.

कोकणकडा
हे आवडलं. फक्त साइट संपली की मुलं दुसरीकडे आणि ताई घरी, त्याचं काय ते आधीच बोलून घ्या.

दूरदेशी
मी कॅलिफोर्नियात असतो. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काही जणांना अशा एका बालवाडीचं वर्षाचं मानधन उचलायचंय. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची परवानगी, नाही. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले तर चालेल का?

ताळेबंद
अजिबात नको, संस्था गोत्यात येईल. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट संस्थेच्या खात्यात दिलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवायला सांगा. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं, त्यांचा पैसा विदेशी, मग हातात ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी. मंडळाच्या खात्यातूनही नको. एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेकडे देऊन तिनं लहान संस्थेला द्यावा, ही वाट 2020 च्या दुरुस्तीनं बंद झाली.

वडाखाली
बघा, मी म्हणतो ते हेच. पाच माणसांना चार पैसे द्यायचेत आणि त्यासाठी वकील बसवावा लागतोय.

ताळेबंद
वकील नको, पासपोर्टची झेरॉक्स पुरे. खडूपाटींच्या पाचशे-हजारवाल्यांनाही कागद लागतोच: दोन हजारांवर रोखीनं दिलं तर 80जीची सवलत नाही, आणि देणाऱ्यांचा तपशील आयकर खात्याच्या फॉर्म 10बीडीत 31 मेपर्यंत भरावा लागतो. शिवाय नव्या कररचनेतल्या पगारदारांना 80जीचा काही उपयोग उरलेला नाही, तेव्हा 'कर वाचवा' म्हणून मागायचे दिवस गेले.

खडूपाटी
आमच्या देणगीदारांतल्या बऱ्याच जणांनी पावतीसुद्धा मागितलेली नाही, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर जास्त. मत बदललेलं नाही. पण ती 50 लाखांच्या आतल्या कारखान्यांची गोष्ट नवी होती, त्यांची यादी काढायला घेतो. पत्रात पहिली ओळ ताईंच्या मानधनाची असेल, आणि भिंती रंगवायला नकार असेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कोकणकडा
नकार कशाला लिहिताय? मानधन मंजूर झालं तर रंगवा म्हणावं.