मदत हवी आहे: इंग्रजीतले 'एक' (ache) आणि 'पेन' (pain), दोन्हींना दुखणंच म्हणायचं का?

देवनागरीत 'एक' लिहिलं की आकडाच दिसतो, म्हणून खाली 'एऽक' लिहितोय. हेडेक, बॅकेकमधला तो.

पाठीच्या व्यायामांचं पत्रक मराठीत करतोय. मूळ सूचनेत 'एऽक' चालेल, 'पेन' झाला तर थांबा, असं आहे. माझं मराठी झालं: 'व्यायामानंतर दुखलं तर चालेल, पण दुखलं तर थांबा.' बायकोनं वाचलं आणि पत्रक परत दिलं.

व्युत्पत्तीतून वाट सापडेल म्हणून शोधायला गेलो आणि तिथेच रमलो. 'पेन' फ्रेंचमार्गे लॅटिन 'पोएना'पासून आला. अर्थ शिक्षा, दंड. म्हणजे 'पेनल्टी'चा सख्खा भाऊ. 'एऽक' मात्र जुन्या इंग्रजीतलाच, 'आकान' या क्रियापदापासूनचा. पूर्वी क्रियापद 'के'नं लिहायचे आणि नाम 'सीएच'नं. नामाचा उच्चारही 'एच' असा होता. 'स्पीक' आणि 'स्पीच'सारखी जोडी. पुढे उच्चार क्रियापदाचा राहिला, स्पेलिंग नामाचं. १७५५ च्या कोशात सॅम्युएल जॉन्सननं हा शब्द ग्रीक 'आखोस'पासून, म्हणजे दुःखापासून, आल्याचं मानलं. चूकच ती, पण 'सीएच'चं फावलं. शाळेत या स्पेलिंगपायी खाल्लेल्या छड्या आठवल्या!

एवढं कळूनही पत्रक तिथंच. 'एऽक' म्हणजे मंद, रेंगाळणारं दुखणं. आपल्याकडे दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते. पण हे सगळे शब्द जोरकस. मंद दुखण्याला काय?

प्रतिसाद १: 'वेदना' आणि 'अतिवेदना' करा.

प्रतिसाद २: अतिवेदना कोण म्हणतं हो? पहिल्या दिवशी भरपूर उठाबशा काढल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तुम्ही काय म्हणता? अंग आंबलंय. तोच तुमचा 'एऽक'. लिहा: 'अंग आंबलं तर चालेल, कळ आली किंवा चमक भरली तर थांबा.'

धागाकर्ता: आंबणं! रोज तोंडात असतो आणि लिहिताना सुचला नाही. घेतला. आता पुढच्या पानावर 'हेडेक' आहे, तिथं हा चालणार नाही. डोकं काही आंबत नाही. तिथं मुकाट्यानं डोकेदुखी लिहितो. 'डोकं जड होणं' कसं वाटतं?